जासूद आणि तांडा

राहाता किंवा संगमनेर तालुक्यातील एखाद्या डाळिंबाच्या बागेत तोडणीच्या दिवशी पहाटे जाऊन उभे राहिले, तर प्रथम ध्यानात येते ते हे की, तेथे कोणीही फळ ओढून तोडीत नाही. तोडणीला आलेल्या बायका डाव्या हाताने फळाला खालून आधार देतात, उजव्या हातातील लहानशा कात्रीने देठ अगदी फळालगत कापतात, आणि कापलेले फळ क्रेटमध्ये टाकीत नाहीत, ठेवतात. देठ लांब राहिला तर तो शेजारच्या फळाच्या सालीत रुतेल, फळ टाकले तर साल वरून धड दिसली तरी आतले दाणे फुटतील, आणि भरलेले क्रेट उन्हात राहिले तर काय होईल, हे सांगण्यासाठीच पुढचा सारा लेख आहे. ऊन चढण्याच्या आत क्रेट सावलीला गेलेच पाहिजेत, म्हणून मुकादमाची एकसारखी घाई चाललेली असते. आणि ती पाहून परक्या माणसाला नवल वाटते, कारण डाळिंब हे काही मेथीच्या जुडीसारखे दुपारपर्यंत मान टाकणारे वाण नव्हे. त्याची साल चामड्यासारखी चिवट, आणि घरच्या टोपलीत ते आठ-पंधरा दिवस बिनतक्रार राहते. मग एवढी घाई कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर असे की, तोडलेले फळ हे मेलेले फळ नसते. झाडापासून विलग झाल्यावर त्याचा अन्नपुरवठा तुटतो, पण त्याचे श्वसन थांबत नाही. ते हवेतील प्राणवायू घेते, आपल्या पोटातील शर्करा जाळते, आणि कर्बवायू, बाष्प व उष्णता बाहेर टाकीत राहते. झाडावर असताना हा खर्च रोजच्या मिळकतीतून भागत होता. आता तो मुद्दलातून भागवायचा असतो. आंबा किंवा केळे यांना तोडल्यानंतर पिकण्याची तरी सवलत आहे, डाळिंबाला तीही नाही; ते झाडावर जितके गोड झाले तितकेच गोड, आणि तोडल्या क्षणापासून त्याची वाटचाल एकाच दिशेने चालू होते. या खर्चाचा वेग ठरवते तापमान. वनस्पतिशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात की, उष्णता दहा अंशांनी वाढली की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. आपण दुपटीचाच हिशेब धरू. पाच अंश सेल्सिअसला ठेवलेल्या फळाच्या मानाने पंधरा अंशांचे फळ दुप्पट, पंचवीस अंशांचे चौपट आणि पस्तीस अंशांचे आठपट वेगाने आपले मुद्दल उधळत असते. अर्थात बांधावर उन्हात गेलेला एक तास म्हणजे शीतगृहातील आठ तास, आणि टेम्पो वेळेवर आला नाही म्हणून गेलेले चार तास म्हणजे फळाच्या आयुष्यातील सव्वा दिवसाहून अधिक काळ. मुकादमाने हे गणित कधी मांडले नसेल, पण त्याच्या घाईत ते पुरतेपणी उतरलेले असते.

खाद्यपदार्थ विमानाने परदेशी पाठवण्याच्या धंद्याचे मर्म या हिशेबात आहे. विमान फळाला नवे आयुष्य देत नाही. बागाईतदाराने, आडतदाराने आणि पॅक हाऊसमधील कामगाराने जे आयुष्य राखून ठेवले असेल, तेवढेच ते त्वरेने दुसऱ्या खंडात पोचवते. मुंबईहून दुबई तीन तासांवर, लंडन नऊ-दहा तासांवर आणि न्यूयॉर्क पंधरा-सोळा तासांवर आहे. आकाशातील हा प्रवास असा हातावेगळा होतो. खरा लांबचा पल्ला असतो तो जमिनीवरचा, बागेपासून विमानाच्या पोटापर्यंतचा, आणि फळ जगते किंवा बिघडते ते बहुधा त्या पल्ल्यात.

दूरच्या फळाची हौस माणसाला जुनीच आहे, आणि ती पुरवण्यासाठी वेग विकत घेण्याची रीतही जुनी आहे. औरंगजेबाच्या पत्रव्यवहारात मुलाने पाठवलेल्या आंब्यांचा उल्लेख येतो, आणि त्या आंब्यांना त्याने ‘सुधारस’ व ‘रसनाविलास’ अशी संस्कृत नावे दिल्याचेही त्यातून कळते. ज्या बादशहाने आयुष्याची अखेरची वर्षे दख्खनच्या छावण्यांत काढली आणि १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगारच्या मुक्कामी देह ठेवला, त्यालाही डालीतून येणाऱ्या फळांची अपूर्वाई होती. परंतु डाकेचा घोडा कितीही दौडला तरी त्याच्या पाठीवर मावेल तेवढेच फळ, आणि ते दरबारापुरतेच. सामान्य माणसाच्या ताटात परदेशचे अन्न येण्यासाठी दोन निरनिराळ्या शोधांची गरज होती. पहिला शोध शैत्याचा. १८८२ साली ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज, आत वाफेवर चालणारे शीतयंत्र घेऊन, न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन निघाले, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून, वाटेत विषुववृत्ताची उष्णता सोसून त्याने तो माल लंडनला खाण्याजोगा पोचवला. दुसरा शोध वेगाचा, आणि त्याच्या आरंभाचा मान आपल्या देशाकडे येतो: १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली, ती जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल मानली जाते. पत्राला जे साधले ते फळाला साधण्यास पुढे काही दशके लागली, कारण पत्र श्वसन करीत नाही.

या दोन शोधांवरून व्यापाराच्या दोन वाटा फुटल्या, आणि त्यांतला भेद समजला म्हणजे कोणता माल आकाशातून जातो आणि कोणता समुद्रातून, हे कोडे उरत नाही. उणे अठरा अंशांवर गोठवलेल्या पदार्थात जंतूंची वाढ थांबलेली असते आणि रासायनिक फेरफार अत्यंत मंद झालेले असतात. त्याच्यापुरता काळ जवळजवळ स्तब्ध झालेला असतो. ज्याला घाई नाही, त्याने विमानाचे भाडे का भरावे? म्हणून न्यूजर्सीतील मराठी घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडली जाणारी खवलेल्या नारळाची, तुरीच्या दाण्यांची किंवा गोठवलेल्या पराठ्यांची पिशवी बहुधा शीतकंटेनरमधून, आठवड्यांमागून आठवडे समुद्र ओलांडून आलेली असते. उलट लंडनच्या वेम्बली किंवा साउथॉल भागात दुकानाबाहेर मांडलेली ताजी भेंडी, हिरवी मिरची आणि शेवग्याच्या शेंगा यांचा काळ चालू असतो, तो थांबवता येत नाही. म्हणून त्या विमानाने जातात.

गोठवलेला माल विमानाने जातच नाही असे मात्र नव्हे. व्यापाऱ्याला दाखवायचे नमुने, मोलाची मासळी, लग्नसमारंभासाठी मागवलेले पदार्थ अशा लहान व मौल्यवान खेपांसाठी तो मार्ग पत्करतात, आणि तेव्हा सोबतीला सुका बर्फ देतात. सुका बर्फ म्हणजे गोठलेला कर्बवायू. त्याचे तापमान उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंश, आणि तो वितळून पाणी होत नाही, थेट वायुरूप होतो, म्हणून खोके भिजत नाही. परंतु हाच गुण बंद जागेत अवगुण ठरतो. सुटणारा वायू भोवतालचा प्राणवायू हटवतो. त्याच कप्प्यात कोणाचा कुत्रा किंवा पिंजऱ्यातील पक्षी प्रवास करीत असेल तर त्याच्या जिवाला धोका. यासाठी विमानवाहतुकीच्या कायद्यात सुका बर्फ धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात नोंदला आहे, खोक्यावर त्याचे वजन लिहावे लागते, वायू बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते, आणि एका विमानात तो किती न्यावा याला प्रत्येक कंपनीची मर्यादा असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहमदनगर, ज्याचे नाव २०२४ पासून शासनदप्तरी अहिल्यानगर झाले, हा पर्जन्यछायेतील जिल्हा. अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा सोडला तर आभाळाच्या भरवशावर येथे शेती करता येत नाही. प्रवरेच्या काठी भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्या उसावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. परंतु कालव्याचे पाणी जेथे पोचले नाही अशा मुरमाड, हलक्या रानांना डाळिंबाने हात दिला. डाळिंबाला पाण्याचा ताण सोसतो, इतकेच नव्हे तर बहार धरण्यासाठी तो मुद्दाम द्यावा लागतो: पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडून झाडाला फुलावर आणायचे. जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार यांपैकी कोणता धरावा हे शेतकरी विहिरीकडे आणि बाजाराकडे पाहून ठरवतो. फळ केव्हा यावे हे ज्याला थोडेबहुत आपल्या हाती ठेवता येते, असे हे दुर्मीळ पीक. आणि परदेशी बाजारासाठी हा गुण लाखमोलाचा आहे.

या फळाची वंशकथाही याच जिल्ह्यात येऊन पुरी होते. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी १९३६ साली आळंदी या स्थानिक वाणातून मऊ बियांचे डाळिंब निवडले, तेच पुढे ‘गणेश’ नावाने प्रसिद्ध झाले. ते चवीला उत्तम, पण दाण्याचा रंग फिकट गुलाबी. आणि दूरदेशीचे गिऱ्हाईक प्रथम डोळ्यांनी खाते. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या गडद लाल पण कठीण बियांच्या वाणाशी करण्यात आला, आणि त्या संततीतून मृदुला, आरक्ता व भगवा हे वाण निवडून काढले गेले. त्यांपैकी भगव्याने बाजार जिंकला. शेतकऱ्यांनी त्याला शेंदरी, अष्टगंध, मस्तानी, जय महाराष्ट्र अशी नाना नावे दिली, यावरून त्याच्यावरील लोभ दिसतो. दाणे टपोरे व लालभडक, बी मऊ, आणि मुख्य म्हणजे साल जाड व चकचकीत. खाणाऱ्याला जाड साल नकोशी वाटते, पण प्रवासी फळाला तीच चिलखत होते. राहुरीचे हे वाण परदेशी जाऊ शकले ते गोडीइतकेच सालीमुळे.

पॅक हाऊसमध्ये आलेल्या फळाची प्रथम शेतातली उष्णता काढून घ्यावी लागते. याला तेथील माणसे ‘प्रीकूलिंग’ म्हणतात. थंड हवा क्रेटच्या भोकांतून पंख्याने ओढून घेतात, आणि एखाद्या नमुन्याच्या फळात सुईसारखा तापमापक खुपसून त्याच्या गाभ्याचे तापमान पाहतात. कारण साल गार लागली म्हणजे गाभा गार झाला असे होत नाही. नवख्या माणसाची एक चूक येथे नेहमी होते. शीतगृह म्हणजे केवळ गार करण्याचे काम, आणि यंत्र नुसते थंड हवा टाकीत असते, मग थोडे उन्हाचे फळ तसेच आत घेतले तर काय बिघडले, असे त्याला वाटते. परंतु शीतकंटेनरचे किंवा विमानतळावरील शीतकक्षाचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यापुरते असते, तापलेला माल गार करण्याची ताकद त्यात नसते. जे काम बागेजवळ झाले नाही, ते पुढे कोणीही करीत नाही. शिवाय थंडीलाही प्रमाण हवे. द्राक्षाला शून्य अंश मानवतो, डाळिंबाला पाच ते सात, हापूसला बारा-तेरा, केळ्याला तेरा. याहून खाली गेले तर फळ टिकण्याऐवजी करपल्यासारखे होते, डाळिंबाची साल तपकिरी पडते आणि आतले पडदे काळवंडतात. म्हणून एकाच कक्षात सारा फळबाजार भरता येत नाही. प्रत्येक जिन्नसाचा आपला ऋतू त्याच्याबरोबर न्यावा लागतो. ओलावाही शेकडा नव्वदच्या वर राखावा लागतो, कारण फळातून उडालेले पाणी म्हणजे वजनातली घट, आणि घट म्हणजे रोख नुकसान.

येथून मुंबईची वाट. राहाता तालुक्याच्या शेजारी, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि त्या दिवशी पुष्कळ बागाईतदारांच्या मनात आले असेल की, आता आपले डाळिंब बांधावरूनच उडेल. परंतु विमानतळ म्हणजे धावपट्टी एवढेच नव्हे. परदेशी जाणाऱ्या मालाला जकातखात्याचा अंमलदार, वनस्पती-तपासणीचा अधिकारी, निरनिराळ्या तापमानांचे कक्ष, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या देशी जाणारी मोठी विमाने हवीत. काकडीची अडीच हजार मीटरची धावपट्टी मुख्यतः साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्या देशांतर्गत उतारूंसाठी बांधलेली आहे. परदेशचे डाळिंब अद्याप मुंबईचीच वाट धरते. ती वाट मात्र पूर्वीची राहिलेली नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि कसाऱ्याच्या घाटात रात्रभर अडकून पडणाऱ्या शीतगाडीचे तास वाचले. आपण वर मांडलेल्या हिशेबाने पाहिले तर रस्त्यावर वाचलेला तास आणि आकाशात वाचलेला तास यांची किंमत फळाच्या लेखी एकच आहे, आणि रस्त्यावरचा तास कितीतरी स्वस्त पडतो.

वाटेत वाशीला एक मुक्काम असतो, तो अमेरिकेला जाणाऱ्या फळासाठी. प्रत्येक देश परक्या फळातून येणाऱ्या किडीला भितो, आणि ही भीती अनाठायी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किड्याने फ्रान्समधील द्राक्षमळे उजाड केले, तेव्हापासून राष्ट्राराष्ट्रांत याविषयी करार होऊ लागले. फळमाशी आपली अंडी सालीखाली घालते, त्यामुळे वरून फळ निर्दोष दिसते आणि आत शत्रू दडलेला असतो. अमेरिकेने यावर विकिरणाचा मार्ग मान्य केला आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वाशी येथील केंद्रात फळांची खोकी फिरत्या पट्ट्यावरून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूसमोरून नेली जातात. त्यातून निघणारे गॅमा किरण फळातून आरपार जातात, किड्याची प्रजननशक्ती नष्ट करतात, आणि फळात कोणतीही किरणोत्सर्गिता मागे ठेवीत नाहीत. याच पद्धतीने, लासलगावच्या केंद्रातून प्रक्रिया होऊन, एप्रिल २००७ मध्ये हापूस अठरा-एक वर्षांच्या बंदीनंतर अमेरिकेत उतरला होता. इतर देशांच्या अटी निराळ्या: युरोपला जाणारा आंबा अठ्ठेचाळीस अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात, जपानला जाणारा उष्ण बाष्पात ठेवतात. या बाबतीत ढिलाई झाली की शिक्षाही तत्काळ होते. फळमाशी व इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली व पडवळ या भाज्यांवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी पुढल्या वर्षी उठली.

फळाइतकीच त्याच्या कागदांची काळजी घ्यावी लागते. पेशवाईत जकातीच्या चौक्यांवरून माल बिनहरकत जाण्यासाठी व्यापारी जवळ दस्तक बाळगीत. आजच्या डाळिंबाला एका दस्तकावर भागत नाही. बाग ‘अनारनेट’ या नोंदवहीत दाखल असावी लागते, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुकानातील खोक्यावरचा क्रमांक पाहून ते कोणत्या गावच्या कोणत्या शेतातले हे सांगता येते. मग कीटकनाशकांच्या अंशाचा प्रयोगशाळेचा दाखला, वनस्पती-स्वास्थ्याचा सरकारी दाखला, ज्याला निर्यातदार नुसते ‘फायटो’ म्हणतात, जकातखात्याचे शिपिंग बिल, बीजक आणि विमानकंपनीचे एअर वेबिल. यांतला एक कागद चुकला तर उरलेले सारे निरर्थक होतात. मे २०२५ मध्ये विकिरणाच्या नोंदीच्या कागदांत तफावत निघाल्यामुळे मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्यांच्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचे भाडे फळाच्या किमतीहून जास्त पडत असल्यामुळे तो माल तेथेच नष्ट करण्यात आला. फळ धड होते, प्रवास वेळेत झाला होता. लेखणीने दगा दिला.

आता खुद्द विमानाकडे पाहू. पुष्कळांची कल्पना अशी की, ताजा भाजीपाला खास मालविमानांतून जातो. वस्तुतः त्याचा फार मोठा हिस्सा आपण बसतो त्याच उतारूविमानाच्या पोटातून जातो. आपल्या पायांखाली, सामानाच्या बॅगांशेजारी, ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि जाळ्याने बांधलेली पॅलेट्स असतात. त्या पेट्यांचा एक खालचा कोपरा तिरपा छाटलेला असतो, कारण विमानाचे पोट गोल असते आणि तेथे इंचभर जागाही फुकट घालवणे परवडत नाही. बाहेर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उणे पन्नास अंशांची थंडी असली, तरी पोटातील कप्प्यात उतारूंच्या दालनाइतकाच हवेचा दाब राखलेला असतो आणि तेथे माल गोठत नाही. तेव्हा ‘विमानात आपोआप थंड राहील’ हा समज खरा नव्हे. फळाला आकाशातील थंडीहून अधिक भय आहे ते विमान उभे राहते त्या रॅम्पवरच्या उन्हाचे. शीतकक्षातून काढलेले पॅलेट विमानाच्या दाराशी नेताना, विमान उशिरा आले किंवा आधी बॅगा चढवायच्या म्हणून, मे महिन्याच्या डांबरावर तासभर उभे राहते, आणि बागेपासून जपलेली थंडी तेथे सांडून जाते. चंदेरी आच्छादने, जेलच्या गार पिशव्या, पॅलेटमध्ये ठेवलेले तापमान नोंदणारे यंत्र, हा सारा सरंजाम त्या एका तासासाठी असतो. मुकादमाची पहाटेची घाई आणि रॅम्पवरील हमालाची घाई या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

भाड्याचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. विमानात वजन जसे महाग तशी जागाही महाग. म्हणून कंपन्या खोक्याचे घनमान घन सेंटिमीटरमध्ये काढून त्याला सहा हजारांनी भागतात, आणि येणारा आकडा व खरे वजन यांतला जो मोठा असेल त्यावर भाडे घेतात. समजा, चाळीस, तीस आणि तीस सेंटिमीटरच्या खोक्यात तीन किलो कढीपत्ता भरला. घनमान छत्तीस हजार, म्हणून भाडे सहा किलोंचे. निम्मे पैसे पानांमधल्या हवेचे झाले. तेच तीन किलो डाळिंब अडतीस, अठ्ठावीस आणि दहा सेंटिमीटरच्या बसक्या खोक्यात बसले, तर भागाकार दोनाच्याही आत येतो आणि भाडे खऱ्या तीन किलोंवरच पडते. घट्ट बसणारे, जड, गोल फळ विमानाला सोयीचे; पण जड फळाचे भाडेही जडच. आणि हे भाडे केव्हा चढेल याचा भरवसा नसतो. २०१० साली आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश काही दिवस बंद पडले, तेव्हा केनियातील शेंगा आणि फुले नैरोबीच्या गोदामात कुजली; मार्च २०२० मध्ये साथीमुळे उतारूविमाने थांबली, तेव्हा त्यांच्या पोटातील जागाही नाहीशी झाली आणि उरलेल्या मालविमानांचे भाडे भरमसाट वाढले. उतारूंच्या आधाराने चालणारा हा व्यापार, उतारू थांबले की पोरका होतो. शिवाय अन्न विमानाने नेण्यात जहाजाच्या मानाने दर टनामागे, दर किलोमीटरमागे सुमारे पन्नास पट कर्बवायू सुटतो. तो हिशेब आज बीजकावर लिहिला जात नाही, उद्या लिहिला जाईल.

असे असता डाळिंबासारख्या दोन महिने टिकू शकणाऱ्या फळाला विमानात बसवण्याचे कारण काय? ते २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या घटनाक्रमावरून उमगते. ऑगस्ट २०२३ मध्ये भगव्या डाळिंबाची चाचणीची पहिली खेप विमानाने अमेरिकेला गेली: तीन किलोंची दीडशे खोकी, अवघा साडेचारशे किलो माल. एवढ्याशा मालासाठी कृषी निर्यातीचे केंद्रीय प्राधिकरण ‘अपेडा’, पणन मंडळ, सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि दोन्ही देशांचे वनस्पती-तपासणी अधिकारी खपत होते. कारण पाहायचा होता तो नफा नव्हे, वाट. विकिरण सोसल्यावर दाण्याचा रंग टिकतो काय, तेथील अंमलदार काय विचारतो, गिऱ्हाईक पुन्हा मागते काय, याची खबर आणायची होती. ती अनुकूल मिळताच फळाला शीतकंटेनरमध्ये साठ दिवसांपर्यंत टिकवण्याचे प्रयोग झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये बेचाळीसशे खोकी समुद्रमार्गे निघाली, आणि मार्च २०२५ मध्ये सुमारे चौदा टनांची खेप पाच आठवड्यांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कला उतरली. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीतही क्रम तोच: जुलै २०२४ मध्ये विमानाने सुमारे अकराशे किलो मेलबर्नला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जहाजाने सुमारे पावणेसहा टन सिडनीकडे.

मराठ्यांच्या फौजेपुढे जासूद असत. ते हलके, वेगवान, खर्चिक. त्यांनी वाट पाहून, पाणी आणि दाणावैरण कोठे आहे याची खबर आणून दिली म्हणजे मागून लमाणांचा तांडा हजारो बैलांवर धान्य लादून सावकाश येई. फौज जगे ती तांड्यावर. पण जासुदावाचून तांड्याला दिशा नसे. डाळिंबाच्या व्यापारात विमान हा जासूद आहे आणि जहाज हा तांडा. भेंडी-मिरचीसारख्या मालाला विमान हा कायमचा सोबती राहील, कारण त्यांचा जीवच दोन-चार दिवसांचा. परंतु डाळिंबाच्या बाबतीत विमानाचे यश त्याने स्वतःला अनावश्यक करण्यात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जहाज स्वस्त झाले म्हणून बागेतली घाई कमी झाली, असा अर्थ कोणी काढील तर तो फसेल. विमानाचा प्रवास एक दिवसाचा असल्यामुळे बांधावर गमावलेला तास तेथे खपून जातो. दुकानात फळ थोडे कमी टिकते, इतकेच. पाच आठवड्यांच्या समुद्रप्रवासात तोच तास व्याजासकट वसूल होतो, आणि कंटेनर उघडल्यावर बुरशीच्या रूपाने हिशेबाला उभा राहतो. तेव्हा आकाशमार्ग सोडून समुद्रमार्ग धरणाऱ्या बागाईतदाराला प्रीकूलिंगची खोली गावाच्या अधिक जवळ हवी, रस्ता अधिक चांगला हवा आणि तोडणी अधिक पहाटे व्हायला हवी. या जिल्ह्याने ठिबकाच्या नळीतून पाणी थेंबाथेंबाने मोजायला शिकून डाळिंब पिकवले. आता ते जगात न्यायचे तर वेळही तशीच मोजावी लागणार. ऊन चढण्याआधी क्रेट सावलीला नेणारा मुकादम ती मोजणी घड्याळावाचून करीतच आहे.